सहा महिन्यांनी मिळणारा पट्टा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांमध्ये शहाबादी फरशी हमखास दिसते. फरशांच्या सांध्यातलं सिमेंट कुठे कुठे उडालेलं, स्वयंपाकघराच्या दारात चार बोटं उंबरा, मोरीकडे जाताना एक पायरी खाली. शेंबड्या पोरापासून आजीपर्यंत कुणाच्या हे लक्षातही येत नाही. पण घरातल्या एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं, की हीच फरशी, हाच उंबरा आणि हीच पायरी जीव खाऊ लागतात. चवडा सांध्यात अडकतो, उंबऱ्याला ठेच लागते, ओल्या पायरीवर पाय सरकतो. लकव्यातून वाचलेला माणूस स्वतःच्या घरात पडतो आणि खुब्याचं हाड मोडून पुन्हा दवाखान्यात दाखल होतो.

या पडझडीच्या मुळाशी पुष्कळदा नडगीजवळचा एक स्नायू असतो. पाऊल पुढे टाकताना चवडा वर उचलून धरणं, एवढंच त्याचं काम. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की या स्नायूला मिळणारा हुकूम थांबतो. दुसरीकडे पोटरी काही आठवड्यांत ताठरू लागते आणि टाच वर ओढते. चवडा लोंबतो, पाऊल आत वळतं. मग माणूस पाय उचलत नाही, कमरेतून ओढतो आणि विळ्यासारखा अर्धगोल फिरवून पुढे टाकतो. डॉक्टर याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. पक्षाघात झालेल्या दर चार-पाच जणांमागे एकाला तरी हा त्रास राहतो. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना पक्षाघात होतो, हे लक्षात घेतलं तर असे पाय किती असतील याचा अंदाज येईल.

यावरचा उपाय अगदीच साधा आहे. पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली वळणारं पॉलिप्रॉपिलिनचं पातळ पातं आणि त्याला वेलक्रोचे दोन-तीन पट्टे. फिजिओथेरपिस्ट त्याला 'एएफओ' म्हणतात, घरचे लोक 'पट्टा' म्हणतात, जुनी माणसं अजूनही 'कॅलिपर' म्हणतात. त्यात ना बॅटरी असते, ना मोटर. घोट्याशी पाऊल काटकोनात धरून ठेवायचं, म्हणजे चवडा लोंबणार नाही. मापाचा करून घेतला तरी काही हजार रुपयांत होणारी ही वस्तू आहे. एवढ्याशा वस्तूसाठी गरीब रुग्णाला महिनोन्महिने थांबावं लागतं आणि हे थांबणं सरकारी नियमांनीच त्याच्या माथी मारलं आहे, ही यातली खरी गोम.

आधी पट्ट्याची पत तपासायला हवी. ब्रिटनमधल्या सारा टायसन आणि रूथ केंट यांनी २०१३ मध्ये तोवर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. पट्टा बांधला की रुग्णाचं चालणं सुधारतं आणि लुळ्या पायावर भार टाकणं त्याला जमू लागतं, असं त्यात दिसलं. मात्र हा पट्टा घातल्या घातल्या मिळणारा फायदा आहे. दीर्घकाळ वापरल्यानंतर काय होतं, याचा पुरावा त्या चाचण्यांत पुरेसा नव्हता. पट्टा मेंदूतली जखम भरत नाही आणि मेलेला स्नायू जिवंत करत नाही. 'आमचा पट्टा वापरा, लकवा बरा करा' अशी जाहिरात दिसली तर ती सरळ खोटी समजावी.

याच्या अगदी उलट टोकाची भीती घराघरांत असते. पट्टा लावला की पायाला सवय लागेल, पाय आळशी होईल, मग आपसूक बरा होणारा पायही कायमचा जाईल! ही भीती अडाण्यांचीच असते असं समजायचं कारण नाही. कित्येक डॉक्टरही 'आधी व्यायाम करा, पट्ट्याचं नंतर बघू' म्हणून रुग्णाला घरी पाठवतात. या शंकेचा माग नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे इथल्या संशोधकांनी काढला. ताज्या पक्षाघाताच्या ३३ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात पट्टा दिला, दुसऱ्याला आठ आठवडे थांबवलं. ज्यांना लवकर मिळाला ते पहिल्या अकरा-तेरा आठवड्यांत स्वतंत्रपणे चालण्यात पुढे राहिले. सव्वीस आठवड्यांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. पट्टा पायात असताना नडगीचा स्नायू थोडं कमी काम करतो, हेही मोजून दिसलं, पण त्यामुळे तो कायमचा दुबळा झाल्याचं आढळलं नाही.

हे निष्कर्ष पट्ट्याच्या भक्तांनाही नीट पचणारे नाहीत. कारण लवकर पट्टा मिळालेल्या गटातले लोक पडलेही जास्त. त्यातही बरेचसे पडले ते पट्टा पायात नसताना. खुर्चीतून उठताना, उभं राहताना, अंथरुणावरून मोरीपर्यंत चार पावलं जाताना. चालता येतं असा विश्वास वाटू लागला की माणूस पट्टा न बांधताच उठतो. म्हणजे पट्टा देऊन भागत नाही, तो कधी काढायचा आणि कधी मुळीच काढायचा नाही हेही शिकवावं लागतं.

आता सोलापूरकडे वळू. यंत्रमागावर उभ्याने काम करणारा पन्नाशीतला माणूस घ्या. चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणारा, रक्तदाब असूनही गोळी कधी घेतली, कधी विसरला असा. त्याला झटका आला. नशिबाने वेळेत श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय गाठलं. १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. फक्त सोलापूरच्या अकरा तालुक्यांचा नव्हे, धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराकडच्या रुग्णांचाही ओढा या शहराकडे असतो. जीव वाचला. आठ-दहा दिवसांत घरी जायची वेळ आली. हातात गोळ्यांची चिठ्ठी आहे, 'व्यायाम चालू ठेवा' असा सल्ला आहे. पायाचं काय?

विकत घ्यायची ऐपत नसेल तर सरकारी वाट आहे. केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. महिना साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला तीत साधन पूर्ण मोफत मिळतं. पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आणि मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारात हे प्रमाणपत्र देण्यासाठीची तपासणी साधारणतः आजार सुरू झाल्यापासून सहा महिने उलटल्यावर करायची, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. ती सूचना तिच्या जागी चुकीची नाही. पक्षाघातात सुरुवातीचे काही महिने सुधारणा होतच असते. दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या कपाळावर टक्केवारी चिकटवणं अन्यायाचंच ठरेल. घोटाळा झाला तो हे प्रमाणपत्र आणि चालण्याचं साधन एकमेकांना बांधून टाकल्यामुळे.

कारण शरीराचं वेळापत्रक वेगळं आहे. कोपनहेगनमध्ये पक्षाघाताच्या ८०४ रुग्णांचा पाठपुरावा झाला होता, त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. ९५ टक्के रुग्णांनी आपल्याला जमू शकणारं सर्वात चांगलं चालणं पहिल्या अकरा आठवड्यांत गाठलेलं होतं. त्यानंतर काहीच सुधारत नाही असं नाही, वर्षानंतरही चिकाटीने व्यायाम करणाऱ्यांची चाल सुधारते. पण मोठी उडी असते ती पहिल्या अडीच-तीन महिन्यांतली. सरकारचा पट्टा येतो तो ही उडी मारून झाल्यावर किंवा ती हुकल्यावर.

सव्वीस आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते, मग घाई कशाला, असं कुणी म्हणू शकेल. डच अभ्यासात थांबवलेल्या रुग्णांना आठ आठवड्यांनी पट्टा मिळाला होता, सहा महिन्यांनी नव्हे. शिवाय तिथला रुग्ण पुनर्वसन केंद्रात फिजिओच्या हाताखाली होता. इथे तो बाजेवर असतो, पोटरी रोज थोडी थोडी आखडत असते आणि सहा महिन्यांनी पाऊल काटकोनात येईनासंच झालं तर कोणताही पट्टा बसत नाही. आणखी एक हिशेब पैशाचा. रोजंदारीच्या घरात दोन महिने आधी स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत जाणारा माणूस म्हणजे त्याला धरायला घरी बसलेली बायको दोन महिने आधी विड्या वळायला मोकळी होणं. संशोधनाच्या सव्वीस आठवड्यांच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

आपल्याकडे पट्ट्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोलिओ येतो. चामड्याचे पट्टे, दोन बाजूंना लोखंडी सळ्या, जड बूट आणि जन्माची सोबत. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आजार गेला, पण कॅलिपरची धास्ती मागे राहिली. पक्षाघाताचा पट्टा त्याहून वेगळा. तो शरीराचा भार पेलण्यासाठी नसतो, चवडा सावरण्यासाठी असतो. काहींचा काही महिन्यांत सुटतो, काहींना कायम लागतो. चाल सुधारली की तो बदलून हलका करता येतो. 'आमचा माणूस काय लंगडा झालाय का?' असं म्हणत पट्टा कपाटावर टाकणाऱ्या घरांना हे कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं. ओपीडीच्या गर्दीत ती पाच मिनिटं मिळत नाहीत, हेही खरंच.

बाजारात तयार पट्टे मिळतात. मेडिकलमध्ये स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत काही शे रुपयांना. पाय नुसताच लोंबत असेल, ताठरला नसेल, तर असा पट्टा चालून जातो. पाऊल आत वळत असेल, पोटरी कडक झाली असेल, तर मापाचाच हवा. तो बनवण्याची रीत पाहण्यासारखी असते. रुग्णाला खुर्चीत बसवून पाऊल काटकोनात धरायचं आणि गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. वाळल्यावर ते कवच कापून काढायचं, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती तयार करायची. घोट्याची हाडं, करंगळीच्या मुळाचा उंचवटा या जागी प्लास्टर थोडं वाढवायचं, म्हणजे तिथे पट्टा टोचणार नाही. मग भट्टीत मऊ केलेली पॉलिप्रॉपिलिनची शीट त्यावर ओढून निर्वात पंपाने घट्ट बसवायची, थंड झाल्यावर कडा कापून घासायच्या. कडा कुठे कापली यावर पट्टा ताठ होणार की लवचीक, हे ठरतं. घोट्याच्या हाडापुढून कापली तर पाऊल हलत नाही, मागून कापली तर पात्याला स्प्रिंगसारखी लवचिकता येते. हे ठरवणारा माणूस म्हणजे ऑर्थोटिस्ट. त्याचं रीतसर पदवी शिक्षण असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून, अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला घेऊन एका पट्ट्यासाठी मुंबई गाठायची, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. करमाळ्याच्या किंवा अकलूजच्या माणसाला तर सोलापूरच शंभर किलोमीटरहून लांब आहे.

आणि इथेच शिबिरांविषयी स्पष्ट बोलायला हवं. एका दिवशी मंगल कार्यालयात मोजमाप, काही आठवड्यांनी वाटप, पाहुण्यांच्या हस्ते साधन, फोटो, चहा-पोहे. कापलेल्या पायाला कृत्रिम पाय देण्यात या शिबिरांनी महाराष्ट्रात मोठं काम केलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पक्षाघाताचा पाय शिबिराच्या तारखेपर्यंत थांबत नाही. माप घेतल्यापासून वाटपापर्यंत सूज उतरते, ताठरपणा वाढतो, पट्टा बसेनासा होतो. बसला तरी पहिल्या आठवड्यात घासतो, तेव्हा तो गरम करून जरा फाकवून द्यायला कुणीतरी लागतं. शिबिराचा मांडव तोवर उठलेला असतो.

पट्टा घासणं ही किरकोळ तक्रार नाही. लकव्याच्या पायाला स्पर्श नीट कळत नाही, त्यात मधुमेह असला तर विचारायलाच नको. जखम झाली तरी दुखत नाही. म्हणून सुरुवातीला तासभर घालून पट्टा काढायचा, पाय उजेडात नीट बघायचा. वीस-तीस मिनिटांत न विरणारा लाल डाग दिसला तर पट्टा बंद करून तो बनवणाऱ्याकडे जायचं. आत सुती मोजा हवाच. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या पुढे, पायाला चिकटलेलं प्लास्टिक आणि घामाने चिंब मोजा. दिवसातून दोनदा मोजा बदला असं सांगणं सोपं आहे, पण ते सांगावंच लागतं.

दुसरी अडचण पायताणाची. हे पट्टे ज्या देशांत घडले तिथे माणूस सकाळी बूट घालतो आणि रात्री काढतो. आपल्याकडे घरात अनवाणी, दारात चप्पल. नुसता पट्टा घालून ओल्या शहाबादी फरशीवर पाऊल टाकलं तर गुळगुळीत प्लास्टिक सर्रकन घसरतं. चप्पल त्यावर टिकत नाही. यावर तोड आहे. मागे पट्टी असलेला, वेलक्रोचा, नेहमीपेक्षा एक माप मोठा सँडल घ्यायचा आणि तो फक्त घरात वापरायचा. पट्ट्याच्या तळाला रबर चिकटवून घेता येतं. 'घरात पायताण?' म्हणून सासूबाईंच्या कपाळाला आठी पडेल, ती पडू द्यावी. देवळाचं मात्र अवघड. सिद्धेश्वराच्या किंवा विठ्ठलाच्या दारात पायताणाबरोबर पट्टाही निघतो आणि माणूस नेमका गर्दीत, गुळगुळीत दगडी फरशीवर, आधाराविना उभा राहतो. देवस्थानांनी दर्शनरांगेत स्वच्छ पट्टा पायात ठेवू द्यावा, एवढी सवलत मागायला हरकत नसावी.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत आता रोबोट दिसू लागलेत, विजेचे झटके देऊन चवडा उचलणारी यंत्रंही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर वापरावीत. पण अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या १९७ रुग्णांच्या चाचणीत विजेवर चवडा उचलणारं यंत्र आणि साधा पट्टा यांत चालण्याच्या वेगाचा फरक पडला नाही. २०११ मध्ये ४०८ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत शरीराचं वजन दोरांनी तोलून ट्रेडमिलवर चालवणं आणि फिजिओने घरी येऊन करवून घेतलेले व्यायाम, दोन्ही वर्षअखेरीला सारखेच ठरले. जिल्ह्याच्या ठिकाणी कोट्यवधींच्या यंत्राची वाट पाहत बसण्याची गरज नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

मग घरच्यांनाच शिकवलं तर? हा प्रयोग भारतातच झाला. 'अटेंड' नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. एका गटाच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ४७ टक्केच होतं. लेक-सून कितीही मायेने करत असली तरी फिजिओची आणि ऑर्थोटिस्टची जागा ती भरून काढत नाही, आणि ते ओझं तिच्यावर ढकलून यंत्रणेने हात झटकू नयेत.

राज्य सरकार या विषयाकडे अगदीच डोळेझाक करतं असंही नाही. ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेलं, मात्र तिचा सगळा भर रुग्णालयातल्या उपचारांवर. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देते. तिच्या यादीत चष्मा आहे, वॉकर आहे, गुडघ्याचा, कमरेचा आणि मानेचा पट्टा आहे. घोट्याच्या पट्ट्याचं नाव नाही. आणि बावन्नाव्या वर्षी वारं गेलेल्या यंत्रमाग कामगाराला पासष्टीपर्यंत थांबा म्हणणार का?

करण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत आणि दोन्हींना नवा कायदा लागत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिला पट्टा देण्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागू नये. शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी धरावी. टक्केवारी सहा महिन्यांनी खुशाल मोजावी. आणि त्याचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून व्हावा. स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे. वर्षअखेरीस हा निधी घाईघाईने खर्ची टाकण्यापेक्षा त्यातून आठवड्यातला एक दिवस ऑर्थोटिस्ट सर्वोपचार रुग्णालयात आणि पाळीपाळीने पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटच्या रुग्णालयांत बसवता येईल. महापालिका आणि जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात ही तरतूद करावी.

तोवर ज्यांच्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे त्यांनी दवाखान्यातून घरी निघण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: चवडा लोंबतोय का, आणि पट्टा लागणार असेल तर तयार चालेल की मापाचा? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावं आणि पुढच्या तपासणीला पायातला पट्टा व सँडल दोन्ही सोबत न्यावेत.